सापडलं कुठे, हे आधी विचारणारी नोकरी

इंग्लंड-वेल्समध्ये ‘फाइंड्स लायझन ऑफिसर’ असं एक पद आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारे हौशी लोक जे आणून दाखवतात ते ओळखायचं, मोजायचं आणि नोंदवायचं, हे त्याचं काम. पद जन्माला आलं ते मात्र भांडणातून.

तिथला ‘ट्रेझर ट्रोव्ह’चा नियम मध्ययुगातला. वस्तू सोन्याचांदीची हवी आणि पुन्हा काढून घेण्याच्या इराद्यानं पुरलेली हवी, तरच ती राजसत्तेची. १९३९ साली सटन हू इथल्या जहाज-दफनात सोनं मिळालं. पण मृताबरोबर पुरलेलं कुणी परत काढत नाही, म्हणून चौकशीत तो खजिना ठरलाच नाही. जमिनीच्या मालकीण एडिथ प्रेटी यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं, म्हणून निभावलं. कोलबी गावी सापडलेल्या सुमारे ७,८०० रोमन नाण्यांत चांदी नावापुरती, त्यामुळे न्यायालयानं तीही नियमाबाहेर ठेवली. (आपला १८७८ चा निखात निधी कायदा या बाबतीत शहाणा: धातू कुठलाही असो, दहा रुपयांहून अधिक मोलाचं सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं.)

१९७० च्या दशकात डिटेक्टर घरोघरी पोचले. १९७९ च्या कायद्यानं संरक्षित स्थळांवर ते विनापरवाना वापरायला बंदी आली आणि १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ‘स्टॉप’ नावाची मोहीम काढली. डिटेक्टरवाले बिथरले आणि वस्तू दाखवणंच बंद झालं. वॉनबरोच्या रोमन मंदिराच्या जागेची तर सरळ लूट झाली. नॉरफोक परगणा तेवढा वेगळा निघाला. तिथे पुरातत्त्वज्ञ टोनी ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी क्लबांत जाऊन बसत, वस्तू ओळखून देत आणि बदल्यात जागा विचारून घेत. पुढची सगळी व्यवस्था याच सवयीवर उभी आहे.

१९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट सप्टेंबर १९९७ मध्ये लागू झाला. इराद्याची भानगड संपली: ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू १४ दिवसांत कोरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायची, नाणी असतील तर किमान दोन हवीत. उरलेल्या वस्तूंसाठी त्याच वर्षी ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ सुरू झाली. सहा प्रायोगिक पदं होती. २००३ पर्यंत ती दोन्ही देशभर पसरली. इथे नोंद ऐच्छिक असल्यानं अधिकाऱ्याचं अर्धं काम विश्वास कमावण्याचं.

उरलेलं अर्धं टेबलावरचं. वजन ग्रॅममध्ये, मापं मिलिमीटरमध्ये, धातू, काळ, पट्टीसह फोटो आणि नकाशाचा ग्रिड क्रमांक. सहा आकडी क्रमांक १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ आकडी १० मीटरचा. वस्तू नांगरटीच्या मातीतली असली तर तिचा थर आधीच मोडलेला असतो, म्हणून हे आकडेच तिचा उरलेला पुरावा. घोळ होतो तोही इथेच: चार शेतांतली नाणी एका डब्यात, किंवा चकाकी यावी म्हणून ब्रश मारून पाटिना (धातूवर काळानुसार चढलेला थर) उडवलेली. ओल असलेल्या बंद पिशवीत ठेवलेल्या ब्राँझवर हिरवी भुकटी धरते आणि ते खात जाते.

कायद्यात फटी राहिल्याच. २०१० मध्ये क्रॉसबी गॅरेट गावी सापडलेलं रोमन शिरस्त्राण ब्राँझचं म्हणून खजिन्यात बसलं नाही. लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना गेलं. २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तू कायद्यात यायला २०२३ उजाडलं.

त्याच २०१० मध्ये फ्रोम गावाजवळ डिटेक्टरवाले डेव्ह क्रिस्प यांना मातीच्या भांड्याचं तोंड लागलं आणि त्यांनी खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी आतली ५२,५०३ नाणी थराथरानं काढली. रोमन ब्रिटनचा सत्ताधीश कॅरॉसियस याची, म्हणजे सर्वांत उशिराची नाणी बहुतांशी वर नव्हे, खालच्या भागात निघाली. म्हणजे ही वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी नव्हती. भांडंही इतकं पातळ की भरल्यावर उचलणं अशक्य. आधी खड्ड्यात ठेवून मगच ते भरलेलं असणार.