चेन ताणली जात नाही हो, झिजते!

सेकंडहँड एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइक सायकलींच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे, घ्यायची नसली तरी वाचतो, आणि त्यात "चेन थोडी ताणलीये, बाकी गाडी टकाटक" हे इतक्या वेळा दिसतं की आता राहवत नाही. चेन ताणली जात नाही. स्टीलच्या प्लेटा माणसाच्या पायाच्या जोराने कायमच्या लांब होत नाहीत.

हिशोबच करून बघा. 80 किलोचा माणूस चढावर उभा राहून सगळं वजन एका पेडलवर टाकतोय, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिलिमीटरचा, पुढची चक्री 32 दात्यांची म्हणजे तिची त्रिज्या साधारण 65 मिलिमीटर. शाळेतला तरफेचा नियम लावला की चेनवरची ओढ येते 210 किलोच्या आसपास. ऐकायला दांडगी वाटते, पण धड चेन तुटायला याच्या तीन-चार पट जोर लागतो. म्हणजे प्लेटा आहेत तिथेच आहेत. तरी जुनी चेन मोजली तर लांब भरते हेही खरंच, मग ही लांबी येते कुठून?

येते सांध्यांतून. चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या आलटून-पालटून असतात, एक बाहेरच्या प्लेटांची, एक आतल्या. पिन बाहेरच्या प्लेटांत घट्ट ठोकलेली असते, आणि आतल्या प्लेटांच्या भोकाला जी उठलेली कॉलर असते ती पिनभोवती फिरते, दाराच्या बिजागरीसारखी. कॉलरवर रोलर. मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्डने 1880 साली ही चेन काढली तेव्हा कॉलरच्या जागी वेगळी बुश, म्हणजे छोटी नळी होती, गिअरवाल्या सायकलींच्या चेनीतून ती पुढे नाहीशी झाली.

आता ही बिजागरी वळते कधी, तर चेन दात्यांवर चढताना आणि उतरताना. 11 दात्यांच्या चक्रीवर प्रत्येक सांधा 360 भागिले 11, म्हणजे जवळपास 33 अंश वळतो, 32 दात्यांवर फक्त 11 अंश, आणि हे वळणं त्या दोनशे किलोच्या ओढीखाली चालू असतं. पिन आणि कॉलर एकमेकांना घासतात, मध्ये स्वच्छ तेल असेल तर निभावतं, पण पावसाळ्यात पुण्यातली वेताळ टेकडी उतरून आल्यावर तेलात जी माती कालवली जाते तो सरळ पॉलिश पेपरचा मसाला असतो. पिन थोडी झिजते, कॉलर थोडी झिजते, सांध्यात फट पडते. शंभरेक सांध्यांच्या फटींची बेरीज म्हणजे तुमची "ताणलेली" चेन.

गंमत पुढेच आहे, जरा धीर धरा. नव्या चेनमध्ये रोलर ते रोलर अंतर अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. आतल्या कडीचे दोन्ही रोलर त्याच कडीच्या कॉलरवर बसलेले, त्यामुळे ते अंतर पिन कितीही झिजली तरी 12.7 च राहतं, वाढतं फक्त बाहेरच्या कडीवरचं. चेन एकूण 1 टक्का वाढली तर अंतरं अशी पडतात: 12.70, 12.95, 12.70, 12.95... आणि दाते मात्र सगळे सारख्या अंतरावर. मग भार सगळ्या दात्यांत वाटला जात नाही, मोजक्या दात्यांवर येतो, रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर सरकतो आणि दात्याला आकड्यासारखा, म्हणजे हुकासारखा आकार येत जातो. (कड्या आलटून-पालटून आहेत याचा फायदाही घेतात, पुढे एकच चक्री असलेल्या नव्या एमटीबीत एक दाता जाड, एक बारीक आणि दात्यांची संख्या सम, म्हणजे जाड दाता कायम बाहेरच्या कडीतच जातो आणि चेन सहजी उडत नाही.)

तेलाबद्दल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि मंडळींनी 1999 मध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चालती चेन कुठे तापते ते पाहिलं होतं. सगळ्यात चांगल्या स्थितीत 98.6 टक्के ताकद मागच्या चाकाकडे पोचत होती, मोठ्या चक्र्यांवर जास्त, आणि कुठलं तेल घातलं याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अर्थात लॅबमध्ये चिखल नव्हता. तेव्हा "नॅनो" आणि "सिरॅमिक" लिहिलेल्या करंगळीएवढ्या बाटलीला हजार रुपये घालवायच्या आधी विचार करा, आपल्याला तेल हवंय ते झीज रोखायला. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरून फडक्याने कोरडी पुसा, बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवायला बनवलेलं, ते मारून झालं म्हणजे चेनला तेल पाजलं असं नाही. आणि दसऱ्याला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू हँडलला वाहा. चेनवर वाहिलेली पूड थेट तेलात जाते, आणि हँडलला लटकवलेल्या लिंबू-मिरचीने पिन झिजायची थांबत नाही.

मोजायला शाळेची फूटपट्टी पुरते. पेडल दाबून चेन ताठ धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून पुढची 24 वी पिन नव्या चेनमध्ये बरोब्बर 12 इंचांवर येते. ती एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर बहुतेक कॅसेटही, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संचही गेला, आणि कॅसेट चेनच्या दुप्पट-तिप्पट किमतीत जाते. विकणारा "फार चालवलीच नाही हो" म्हणत असला तरी पट्टी काय म्हणते ते बघा.

पण जाहिरातीत "चेन नवी टाकलीये" असेल तर खरं सावध व्हा. पट्टीवर ती चेन पास होणारच. नवी चेन पूर्ण अर्ध्या इंचाची आणि जुने दाते आकडे झालेले, त्यामुळे जोर दिला की रोलर दात्यावरून उडी मारतो. ही उडी स्टँडवर हाताने पेडल फिरवून कळत नाही. गाडी चढावर न्या, मागच्या लहान-मधल्या चक्र्या एकेक लावा, कारण लोक त्याच जास्त वापरतात, आणि प्रत्येकीवर उभं राहून जोर काढा. पण सावकाश, दाता सुटला तर गुडघा हँडलवर आपटतो. एका जरी चक्रीवर कटकन सुटली तर विकणाऱ्याला कॅसेटचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.