न येणाऱ्या मतदाराची काळजी: मतदानाचं कर्तव्य ही कल्पना कुठून आली

१८९३ हे साल मताधिकाराच्या इतिहासात दोन कारणांसाठी लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडच्या स्त्रियांनी हजारो सह्यांच्या अर्जांच्या जोरावर संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळवला. आणि त्याच वर्षी बेल्जियमने राज्यघटना बदलून आपल्या पुरुषांना बजावलं की मतदानाला यावंच लागेल. जगाच्या एका टोकाला मत मिळावं म्हणून झगडा चालला होता आणि दुसऱ्या टोकाला मत देण्याची सक्ती होत होती.

मत देणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे का, हा प्रश्न आज निवडणूक आली की निघतो आणि बहुतेक वेळा चार उपदेशाच्या वाक्यांत संपतो. त्याचा इतिहास मात्र उपदेशाचा नाही. कर्तव्याची भाषा जिथे जिथे कायद्यात उतरली, तिथे तिच्यामागे एक रोकडा प्रश्न होता: मतदानाला कोण येत नाही, आणि तो आला नाही तर फायदा कुणाचा?

प्राचीन अथेन्समध्येही हा प्रश्न होताच. नागरिकांची सभा प्नीक्स टेकडीवर भरायची आणि माणसं खाली बाजारात गप्पा मारत रेंगाळायची. मग लाल रंगात भिजवलेला लांब दोर दोन्ही बाजूंनी ताणून धरत त्यांना टेकडीकडे हाकलत नेलं जाई. कपड्यावर डाग पडला की चुकारपणा चारचौघांत उघडा. इसवी सनपूर्व ४२५ मधल्या एका विनोदी नाटकात या दोराची भरपूर टिंगल आहे. पण मला त्यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. इसवी सनपूर्व ४०३ मध्ये लोकशाही पुन्हा उभी राहिल्यावर अथेन्सने सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू केला, आधी एक ओबोल (तिथलं एक लहान नाणं) आणि काही वर्षांतच तीन. दिवसाची कमाई बुडवून येणं गरिबाला परवडत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. ही सभा फक्त प्रौढ पुरुष नागरिकांची होती, स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक तिच्याबाहेरच होते, हेही विसरून चालणार नाही.

आधुनिक काळात पहिलं ठळक पाऊल अमेरिकेतल्या जॉर्जियाने टाकलं. १७७७ च्या तिथल्या राज्यघटनेत, सबळ कारणाशिवाय निवडणुकीला न येणाऱ्याला पाच पौंडांपर्यंत दंड लिहिलेला होता. मतदार कोण, तर एकवीस वर्षांचा गोरा पुरुष, तोही दहा पौंडांची मालमत्ता असलेला आणि कर भरणारा, किंवा एखादा कारागीर. ज्यांना आत घेतलंय त्यांनी यायलाच हवं आणि बाकीच्यांनी दाराशीही फिरकू नये, अशी ही तऱ्हा होती. पुढे मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीने १८८९ च्या सनदेत वेगळी युक्ती काढली. प्रौढ पुरुषांवर अडीच डॉलरचा कर बसवला आणि मत देणाऱ्याला तो माफ केला. १८९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. मत देणं हा सार्वभौम नागरिकाचा अधिकार आहे, तो वापरायला भाग पाडणं विधिमंडळाच्या हातात नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

दरम्यान इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी या वादाला तात्त्विक बैठक दिली होती. १८६१ च्या त्यांच्या प्रातिनिधिक शासनावरच्या ग्रंथातला मुद्दा असा: मत ही माझी खासगी मालमत्ता नाही. मी मत देतो तेव्हा दुसऱ्यांवर सत्ता चालवतो, म्हणून ती माझ्याकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. खटल्यात निवाडा देणारा पंच जसा स्वतःच्या आवडीनिवडीवर निकाल देऊ शकत नाही, तसं मतदारानेही लोकहित बघूनच मत द्यायला हवं. याच तर्काने मिल गुप्त मतदानाच्या विरोधात गेले, कारण ठेव सांभाळणाऱ्याने हिशेब उघड द्यायला हवा असं त्यांना वाटे. तिथे त्यांचं चुकलं असं मला ठामपणे वाटतं. मालकाच्या आणि जमीनदाराच्या नजरेखाली हात वर करणाऱ्या माणसाला लोकहित बघायची मुभा कुठून असणार? पण मत म्हणजे दुसऱ्यांवर चालणारी सत्ता, हा त्यांचा विचार टिकला, आणि कर्तव्याची बाजू घेणारे आजही तिथूनच सुरुवात करतात.

आता बेल्जियम. १८९३ पर्यंत तिथे ठरावीक कर भरणाऱ्यांनाच मत होतं. त्या एप्रिलमध्ये संसदेने सार्वत्रिक मताधिकाराचे प्रस्ताव फेटाळले, तसा कामगार पक्षाने सार्वत्रिक संप पुकारला. मोन्समध्ये गोळीबार झाला, माणसं मेली, आणि काही दिवसांतच संसद तडजोडीला आली. पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला एक मत मिळालं. मालमत्ता, कुटुंबप्रमुखपद आणि शिक्षण यांवर जादा मतं, एका माणसाला जास्तीत जास्त तीन. मतदारसंख्या एका फटक्यात सुमारे दहापट झाली.

सक्ती याच तडजोडीचा भाग होती. सत्तेतल्या कॅथलिक पक्षाला धास्ती होती की चिडलेले कामगार एकजुटीने येतील आणि आपला मवाळ, घरात बसणारा मतदार येणारच नाही. त्याच वेळी दुसरा युक्तिवादही पुढे आला: मतदान कायद्यानेच बंधनकारक झालं, तर कारखानदाराला मजुराला अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे एकाच कलमामागे एकाची भीती होती आणि दुसऱ्याची ढाल. शिक्षा हलकी होती. पहिल्या वेळी समज किंवा एक ते तीन फ्रँक दंड. पंधरा वर्षांत चौथ्यांदा गैरहजर राहिलं तर दहा वर्षांसाठी नाव यादीतून बाद आणि सरकारी नेमणूक बंद. १८९४ ची निवडणूक या नियमांनी झाली. जादा मतांची पद्धत १९१९ मध्ये गेली, सक्ती राहिली, आणि स्त्रियांना संसदेसाठी मत द्यायला १९४८ उजाडलं.

ऑस्ट्रेलियाची कहाणीही भीतीपासूनच सुरू होते. क्वीन्सलंडमध्ये १९१५ साली डेनहॅम यांच्या लिबरल सरकारने मतदान सक्तीचं केलं, कारण कामगार संघटना आपली माणसं केंद्रावर आणण्यात तरबेज होत्या. मतदान ८८ टक्क्यांवर गेलं आणि डेनहॅम यांचं सरकार पडलं. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९२४ चा. १९२२ च्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्या आत घसरलं होतं. टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी खासगी विधेयक मांडलं, आणि इतका मोठा बदल दोन्ही सभागृहांत मतविभागणीशिवाय मंजूर झाला. १९२५ मध्ये मतदान ९१ टक्क्यांच्या वर गेलं.

लगेच पुढचा पेच उभा राहिला. अर्नेस्ट जड या समाजवादी मतदाराने मत दिलं नाही. सगळेच उमेदवार भांडवलशाहीच्या बाजूचे आहेत, मग मी कुणाला निवडू, असा त्याचा सवाल होता. १९२६ मध्ये उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयाने, हे पुरेसं कारण मानलं नाही. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. पसंतीचा उमेदवार नसणं ही सबब आहे की भूमिका, हा प्रश्न त्या निकालाने मिटला नाही. व्यवहारात गुप्त मतपत्रिकेनेच त्यावर वाट काढली. कायदा माणसाला केंद्रापर्यंत आणतो, पडद्याआड त्याने कागदावर काय केलं ते कुणी बघत नाही. युरोपीय मानवाधिकार आयोगानेही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या एका तक्रारीवर साधारण हेच म्हटलं: कोरी मतपत्रिका टाकता येते, म्हणून विवेकस्वातंत्र्याला बाधा येत नाही.

ऑस्ट्रेलियात सक्ती टिकली ती दंडाच्या धाकाने, असं समजणं चूक आहे. आजही संघीय निवडणुकीतला प्राथमिक दंड फक्त २० डॉलर आहे. मतदान शनिवारी होतं, टपालाने मत देता येतं, आधी जाऊन देता येतं, रुग्णालयांत आणि दुर्गम वस्त्यांत फिरती पथकं जातात. यायला लावायचं तर वाट सोपी करून द्यावी लागते, हे ओझं राज्याने उचललं. त्याच देशाचा एक डागही सांगायला हवा: तिथल्या आदिवासींना संघीय मताधिकार १९६२ मध्ये मिळाला, पण त्यांच्यासाठी नावनोंदणी ऐच्छिकच ठेवली गेली. ती १९८४ मध्ये सक्तीची झाली. ज्यांची गैरहजेरी कुणाला टोचत नव्हती, त्यांच्यापर्यंत कर्तव्य पोचायला बावीस वर्षं जास्त लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने १९४८ च्या राज्यघटनेत मत देणं हे नागरी कर्तव्य म्हटलं. न येणाऱ्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर ‘मत दिलं नाही’ असा शेरा पाच वर्षं राहायचा. ही पद्धत १९९३ मध्ये बंद झाली. लॅटिन अमेरिकेत अर्जेंटिनाने १९१२ मध्ये गुप्त आणि सक्तीचं मतदान एकदमच आणलं. सोव्हिएत संघात एकच उमेदवार असताना ९९ टक्क्यांच्या वर मतदान दाखवलं जाई. तिथे घरी बसणं हीच धाडसाची कृती होती, आणि कर्तव्याची बाजू मांडणाऱ्याने या उदाहरणापाशी थांबून विचार करायला हवा. निवड नसेल तर कर्तव्यही उरत नाही.

विरोधातली परंपरा तशी जुनी आहे. १८४९ मध्ये अमेरिकन लेखक थोरो यांनी म्हटलं होतं की न्यायाच्या बाजूने नुसतं मत देणं म्हणजे न्यायासाठी काही करणं नव्हे. १९५७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी हिशेब मांडला: लाखोंमध्ये एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, मग रांगेत उभं राहायचं कशाला? अलीकडे जेसन ब्रेनन यांच्यासारखे तत्त्वज्ञ म्हणतात, मत देण्याचं कर्तव्य नाही, पण दिलंच तर विचार करून देण्याचं आहे. हे युक्तिवाद भक्कम आहेत. मला खटकतं ते एवढंच, की त्यांच्यात मतदार नेहमी एकटा असतो. प्रत्यक्षात माणसं एकेकटी गळत नाहीत, थराथराने गळतात.

नेदरलँड्समध्ये हे दिसलं. १९१७ पासून सक्ती होती, ती १९७० मध्ये उठली. १९६७ मध्ये ९५ टक्के असलेलं मतदान १९७१ मध्ये ७९ वर आलं. तिथेच जन्मलेले राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी पुढे अनेक देशांची तुलना करून दाखवलं की मतदान घटतं तेव्हा गरीब, कमी शिकलेले आणि तरुण आधी कमी होतात, आणि राज्यकर्ते येणाऱ्यांचंच ऐकतात. माझ्या मते कर्तव्याचा सर्वात पक्का आधार हाच आहे. मी माझ्या एका मताने सरकार बदलायला जात नाही, माझ्यासारख्यांची गणती होत राहावी म्हणून जातो.

भारताने सक्तीची वाट घेतली नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींच्या वर मतदार होते, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती आणि स्वतःचं नाव सांगितलं गेलं नव्हतं. १९७६ मध्ये घटनेत मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत मतदान नाही. २००२ मध्ये घटना पुनर्विलोकन आयोगाने ते घालावं असं सुचवलं, ते झालं नाही. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा केला, त्याला २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालाने सक्ती नको असं सांगितलं. पोटासाठी दुसऱ्या मुलखात गेलेल्या मजुराचं नाव गावच्या यादीत असतं. त्याला दंड करण्याआधी तो जिथे आहे तिथे मत देण्याची सोय करावी लागेल. आपल्याकडे कर्तव्याची चर्चा इथून सुरू व्हायला हवी, आणि ती बहुधा होत नाही.

चिलीत २०१२ मध्ये सक्ती गेली आणि पुढच्या बहुतेक निवडणुकांत मतदान निम्म्याखाली राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या घटनेच्या मसुद्यावर पुन्हा सक्तीचं मतदान झालं. सुमारे ८६ टक्के लोक आले आणि डाव्यांचा वरचष्मा असलेला तो मसुदा त्यांनी ६२ टक्क्यांनी फेटाळला. डिसेंबर २०२३ मध्ये उजव्यांच्या प्रभावाखालचा दुसरा मसुदा आला, तोही त्यांनी नाकारला.