ओझर ते दिल्ली: हजार किलोमीटरला दोन तास कसे काय?

गुगलवर नाशिक (म्हणजे आपला ओझरचा विमानतळ) ते दिल्ली विमानाचं अंतर टाकलं की साधारण १००० किलोमीटर येतं. जेट विमान वर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे सव्वा तासात पोचायला हवं ना? पण तिकिटावर बघा, पावणेदोन-दोन तास लिहिलेले असतात. मग मधला अर्धा-पाऊण तास जातो कुठं?

एक तर ते १००० म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून काढलेलं सगळ्यात जवळचं अंतर, आणि विमान काही तसं दोरी ताणल्यासारखं जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गानं जातं. शिवाय विमान उडतं वाऱ्याला तोंड करून, त्यामुळे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की ओझरला आधी पश्चिमेकडं तोंड करून उठायचं आणि मग दिल्लीकडं वळायचं.

पण खरा वेळ खातो तो चढ-उतार. ८३०चा स्पीड ११ किलोमीटर उंचीवरचा आहे. खाली १०,००० फुटांपर्यंत साधारण ४६० च्या आतच राहावं लागतं, आणि उतरताना उतार असतो फक्त ३ अंशांचा, म्हणजे ११ किलोमीटर खाली यायला २०० किलोमीटर आधीपासून सुरुवात करायची. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर जातं. म्हणजे १००० पैकी फुल स्पीड मिळतो जेमतेम ६०० किलोमीटर! त्यात तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडं जागेवर उभं राहिलं की संपतो, दिल्लीला उतरल्यावर जमिनीवर किती वेळ फिरवतात ते गेलेल्यांना माहितीये. कंपन्याही चार मिनिटं जास्तीची धरतातच.

आता एक प्रश्न हमखास येतो, पृथ्वी पूर्वेकडं फिरते तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला नको का? नाशिकची जमीन ताशी १५६० किलोमीटरच्या वर वेगानं पूर्वेला चाललीय हे खरंच आहे, पण तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, त्यामुळे असा फुकटचा फायदा काही होत नाही.

फरक पडतो तो वाऱ्यानं. हिवाळ्यात उत्तर भारतावर त्या उंचीला पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. दिल्ली आपल्या उत्तरेला, त्यामुळे तो बराचसा बाजूनं लागतो, पायलट विमानाचं नाक थोडं डावीकडं धरून नेतो. मुंबई-कोलकात्याला मात्र बघण्यासारखं आहे. अंतर अंदाजे १६६० किलोमीटर, चढ-उतार सोडून द्या आणि वारा ताशी १०० धरा, तर जाताना वेग ९३०, म्हणजे पावणेदोन तास, येताना ७३०, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. जाता-येता फिट्टमफाट होत असेल असं वाटतं, पण वारा नसता तर दोन्हीकडचे मिळून ४ तास लागले असते, इथं ३-४ मिनिटं जास्तच लागतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.