शेवटचे ९० दिवस की जन्मापासून? रेड ट्रॅक्टर आणि स्कॉच बीफ

ब्रिटनमधल्या दुकानात बीफच्या एका पाकिटावर लाल ट्रॅक्टरचा शिक्का असतो, दुसऱ्यावर ‘स्कॉच बीफ’ असं लिहिलेलं असतं. दोन्हींमागे शेताची तपासणी आहे, कागदपत्रं आहेत, पशुवैद्याची सही आहे. म्हणून एक इंग्लंडचा शिक्का आणि दुसरा त्याचाच स्कॉटलंडमधला भाऊ, अशी समजूत होते. पण जनावराच्या आयुष्यातला किती काळ तपासलेल्या शेतात गेला पाहिजे, याचं दोघांचं उत्तर अगदी वेगळं आहे.

रेड ट्रॅक्टर ही ब्रिटनमधली अन्नाच्या हमीची योजना, २००० साली सुरू झालेली. त्याच्या नियमानुसार गुरं कत्तलीपूर्वी सलग ९० दिवस योजनेतल्या शेतावर असावी लागतात. मेंढरांसाठी ही मुदत ६० दिवसांची. त्याआधी जनावर कुठे वाढलं, ते शेत योजनेत होतं का, याची अट नाही. १ मे रोजी बाजारातून, योजनेबाहेरच्या शेतकऱ्याकडून घेतलेला गोऱ्हा ३० जुलैला ९० दिवस पुरे करतो. २० जुलैला पाठवला, तर बाकी सगळं चोख असूनही तो ‘अ‍ॅश्युअर्ड’ (म्हणजे योजनेच्या हमीचा) म्हणून विकला जात नाही.

स्कॉच बीफचं नाव मात्र भौगोलिक निर्देशनाखाली संरक्षित आहे. आपल्याकडे हापूसला जीआय आहे, त्याच जातीचं. जनावर स्कॉटलंडमध्ये जन्मलेलं, तिथेच वाढलेलं आणि तिथेच कापलेलं हवं, शिवाय जन्मापासून ‘क्वालिटी मीट स्कॉटलंड’ या तिथल्या मांस-उद्योगाच्या संस्थेच्या योजनेत बसणाऱ्या शेतांवर राहिलेलं हवं. नुसतं ‘स्कॉटिश’ लिहिलेलं पाकीट म्हणजे स्कॉच बीफ नव्हे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये योजनेबाहेरच्या शेतावर जन्मलेलं वासरू दहाव्या महिन्यात विकलं गेलं आणि पुढचे आठ महिने रेड ट्रॅक्टरच्या शेतावर पोसलं गेलं, तर त्याला ट्रॅक्टरचा शिक्का मिळू शकतो. तेच वासरू स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनशरला नेऊन उत्तम शेतावर कितीही महिने पोसलं, तरी ते स्कॉच बीफ होणार नाही, जन्मच सीमेपलीकडचा. उलट, अ‍ॅबरडीनशरमध्ये जन्मून वाढलेलं निर्दोष जनावर कत्तलीसाठी इंग्लंडमधल्या कंब्रियात पाठवलं, तरी नाव गेलं. रेड ट्रॅक्टरची उणीव दिवस पुरे केले की भरून निघते. स्कॉच बीफची साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही, आणि वासरं विकत घेणाऱ्याने हे बोली लावण्यापूर्वीच पाहायला हवं.

गुरांमध्ये ही तपासणी शक्य होते ती पासपोर्टमुळे. प्रत्येक वासराला कानात बिल्ले लावावे लागतात (दुधाळ कळपात पहिला बिल्ला ३६ तासांत, इतरत्र २० दिवसांत) आणि मग त्याच्या नावाने पासपोर्ट निघतो. त्यात जनावर ज्या ज्या शेतावर राहिलं त्याची नोंद असते, त्यामुळे मागचा प्रवास शोधता येतो. मेंढरांचं तसं नाही. इंग्लंडमध्ये १२ महिन्यांच्या आत कत्तलीला जाणाऱ्या कोकरांना एकच बिल्ला पुरतो, आणि त्यावर कळपाचा क्रमांक असतो, त्या एका कोकराचा स्वतंत्र क्रमांक डोळ्यांना दिसत नाही. त्यात डोंगरावरच्या कळपातली कोकरं शरद ऋतूत खालच्या सपाट शेतांवर पोसायला विकली जातात. एका ट्रकमध्ये चार कळपांची कोकरं एकत्र आली की प्रत्येकाचं आयुष्य मागे शोधणं फार जिकिरीचं. ६० दिवसांची अट या व्यापाराला झेपते. आमच्या मते ही तडजोड व्यवहार्य आहे, पण तिला जन्मभराची हमी म्हणू नये.

आणखी एक गल्लत वारंवार होते: हे ९० दिवस आणि औषधानंतरची प्रतीक्षा, म्हणजे औषध दिल्यावर कत्तलीआधी थांबायची मुदत. पहिली योजनेची अट, दुसरा कायदा. गोऱ्ह्याला ८५व्या दिवशी प्रतिजैविक टोचलं, तर ९० दिवस भरले तरी औषधाच्या लेबलावरची मुदत संपेपर्यंत तो कत्तलखान्यात पाठवता येत नाही. म्हणून औषधाच्या वहीत जनावराचा क्रमांक, औषधाचं नाव, मात्रा, दिलेली तारीख आणि प्रतीक्षा संपण्याची तारीख त्याच दिवशी लिहावी. ही नोंद पाच वर्षं जपून ठेवावी लागते. ‘नंतर लिहू’ म्हणून राहिलेल्या नोंदी तपासणीत हमखास सापडतात, कारण गोठ्यातल्या रिकाम्या बाटल्या आणि वहीतल्या मात्रा जुळत नाहीत.

योजनेचं सदस्यत्व संपलेल्या शेताचंही तसंच, ‘नंतर करू’ चालत नाही. कत्तलखाना शेताचा क्रमांक पाठवण्याच्या वेळी पडताळतो. नूतनीकरणाचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचा असं ठरवून गुरं आज ट्रकमध्ये चढवली, तर ती बिनशिक्क्याच्या दराने जातात.