जाड बाईचं मेटाबॉलिझम मंदच असतं का?

लातूर-बीडकडे वजन वाढलेल्या बाईला हमखास ऐकवतात, "तिचं मेटाबॉलिझमच स्लो, पाणी पिलं तरी अंगाला लागतं." मेटाबॉलिझम म्हणजे शरीर ऊर्जा खर्चण्याचा वेग; तो जाड बाईचा मंदच असतो, हे खरं नाही. या समजापायी कित्येक जणी दुपारची भाकर सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

आपण नुसतं पडून असलो तरी मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडं ऊर्जा खर्चतच असतात. बहुतेकांच्या दिवसभराच्या खर्चाचा सुमारे 60 ते 70 टक्के वाटा हाच. शरीर मोठं, तर हा खर्चही मोठा. म्हणजे 85 किलोच्या बाईचा खर्च त्याच वयाच्या, उंचीच्या 55 किलोच्या बाईपेक्षा सहसा जास्तच भरतो. थायरॉइड कमी असेल तर तो खरोखर घटतो; त्यासाठी रक्ततपासणी करावी. लांबलेल्या उपासमारीनेही घटतो, म्हणून सतत जेवण सोडणं उलटं पडू शकतं.

मग भाजी-भाकरीने मेटाबॉलिझम वाढतं का? तसंही नाही. तिचा फायदा वेगळा आहे. पोटातली जास्तीची चरबी दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे शरीरातली आतली सूज) वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. हा दाह सौम्य पण सततचा असतो, रक्तातल्या सीआरपी या प्रथिनाच्या तपासणीवरून त्याचा अंदाज येतो, आणि मधुमेह व हृदयविकाराशी त्याचं नातं आहे. ज्वारी, तुरीचं वरण, अंबाडी, मेथी यांतले तंतू (फायबर) आतड्यातले जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि ती दाह शमवायला मदत करतात. वजन थोडं उतरलं तर हा दाह आणखी कमी होतो.

उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र यात धरू नका. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च असतो, त्यात तंतू नगण्य.