गेममधलं प्रेम ऐच्छिक, पण नक्की कोणासाठी?

बाल्डर्स गेट ३ हा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आल्यापासून एकच भांडण परत परत वर येतंय. गेममधले सगळेच सोबती, म्हणजे आपल्याबरोबर फिरणारी पात्रं, आपल्या हिरोवर भाळायला तयार असावेत का, आणि ज्याला प्रेमबिम नकोच आहे त्याला ते खरंच टाळता येतं का? नवीन खेळणाऱ्यांना वाटतं हे २०२३ मधे सुरू झालं, पण तसं नाहीये.

मूळ २००० सालात आहे. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने बाल्डर्स गेट २ काढला, त्यात पुरुष पात्र घेतलं तर जाहीरा, एअरी आणि व्हिकोनिया अशा तिघी, आणि बाई पात्र घेतलं तर एकटा अनोमेन. बस. नाइट व्हायला निघालेला आणि उठता बसता स्वतःची टिमकी वाजवणारा हा गडी आवडला तर ठीक, नाहीतर बसा गप्प. गे किंवा लेस्बियन खेळणाऱ्यांसाठी तर काहीच नव्हतं. सगळं टायमरवर चालायचं, म्हणजे ठराविक वेळ गेला की पात्र स्वतःहून बोलायला येणार आणि एखादं उत्तर चुकलं की विषय संपला. जाहीराचा नवरा खालिद गेमच्या सुरुवातीलाच मेलेला सापडतो आणि त्याच गेममधे तिच्याशी सूत जुळवायचं, हे मला आजही खटकतं. पण लिखाण इतकं जीव लावणारं होतं की फॅन लोकांनी स्वतः मॉड, म्हणजे गेममधे घालायच्या घरगुती भरी, बनवून आणखी रोमान्स लिहिले, भूक होती हो.

मग बायोवेअरच्याच २००५ च्या जेड एम्पायरमधे समलिंगी पर्याय उघडपणे आला आणि २००९ ला ड्रॅगन एज ओरिजिन्स. तिथे लेलियाना आणि झेव्हरान दोघांनाही हिरो बाई की पुरुष याने फरक पडत नव्हता, अॅलिस्टर आणि मॉरिगनला पडत होता. तुमच्याबद्दल कोणाचं मत किती चांगलं आहे ते आकड्यात दिसायचं आणि भेटवस्तू दिल्या की आकडा वर, त्यामुळे "वस्तू द्या, प्रेम घ्या" ही तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि ती रास्तच आहे.

खरा भडका २०११ मधे ड्रॅगन एज २ ला उडाला. यात मूळ गेममधले चारही रोमान्स, अँडर्स, फेनरिस, मेरिल, इझाबेला, हिरो कोणीही असो सगळ्यांना खुले. वर अँडर्स पुरुष हिरोलाही स्वतःहून खडा टाकून बघतो आणि नाही म्हटलं की तुमच्यातलं वैर वाढल्याचे पॉइंट पडतात. एका खेळणाऱ्याने जाहीर तक्रार केली की आम्ही स्ट्रेट पुरुष हा मुख्य गिऱ्हाईक असताना आमच्याकडे दुर्लक्ष झालं, तर मुख्य लेखक डेव्हिड गेडर, जो स्वतः गे आहे, त्याने सरळ उत्तर दिलं की रोमान्स सगळ्यांसाठी आहेत आणि बहुसंख्य असलात म्हणून तुम्हाला जास्त पर्यायांचा हक्क मिळत नाही. माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर होता. एकेकाळी एकट्या अनोमेनवर भागवलेल्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण तक्रारीतला एक धागा वेगळा काढून बघायला पाहिजे, नकाराची किंमत पडत असेल तर ते ऐच्छिक कसलं? दुसरं म्हणजे अँडर्सचं कार्ल नावाच्या पुरुषावर प्रेम होतं हे तो पुरुष हिरोलाच सांगतो, बाई हिरोला नाही. म्हणजे समोर कोण आहे यावर पात्राचा भूतकाळच बदलतो, आणि हा आक्षेप कित्येक गे खेळणाऱ्यांचाही होता!

याच वातावरणात २०१२ मधे बायोवेअरची लेखिका जेनिफर हेपलरची २००६ ची जुनी मुलाखत कोणीतरी उकरून काढली. संवाद स्किप करता येतात तशी लढाईही स्किप करता यावी एवढंच ती म्हणाली होती. त्यावरून तिला इतक्या घाणेरड्या शिव्या आणि धमक्या आल्या की आज वाचतानाही संताप येतो. रोमान्स म्हणजे बायकांची लुडबुड असं मानणारा गट तेव्हा उघडा पडला.

सगळ्या स्टुडिओंनी हीच वाट धरली नाही. ऑब्सिडियनने २०१५ च्या पिलर्स ऑफ इटर्निटीमधे रोमान्स ठेवलेच नाहीत, २०१८ च्या दुसऱ्या भागात मात्र आणले.

बायोवेअर २०१४ च्या ड्रॅगन एज इन्क्विझिशनमधे उलट वळली, म्हणजे आता प्रत्येक पात्राची स्वतःची आवड. सेराला फक्त बायका, सोलास फक्त एल्फ बाईवर प्रेम करणार, आणि गेडरनेच लिहिलेला डोरियन गे, ज्याचा बाप रक्तजादूने त्याला बदलायला निघाला होता. डोरियन सगळ्यांना उपलब्ध असता तर ही कथा उभीच राहिली नसती, म्हणून मी या बाजूचा आहे. पण त्याच गेममधल्या कलनवर जीव जडलेल्या पुरुष हिरोंना दार बंद, त्यांची हळहळही खोटी नव्हती.

बेल्जियमच्या लारियनने २०२३ मधे बाल्डर्स गेट ३ काढून परत सगळी दारं उघडली, आणि फॅन लोकांच्या आग्रहामुळे हॅल्सिन हे पात्रही रोमान्सच्या यादीत आला. सुरुवातीला सोबती जरा जास्तच लवकर गळ्यात पडत होते, साधी मैत्री करायला जावं तर समोरचा भलताच अर्थ काढणार, म्हणून ऐच्छिक या शब्दावरून परत जुंपली. नंतर लारियननेच सांगितलं की ती चूक होती, सोबती प्रेमात पडायला लागणारी पसंतीची मर्यादा खूपच खाली ठेवली गेली होती.

बायोवेअरच्या २०२४ च्या ड्रॅगन एज व्हेलगार्डमधे तर सातही सोबती कोणालाही खुले. त्यात आधीच्या गेममधले फक्त तीन निर्णय विचारले जातात, गादीवर कोण बसवलं, कोणाला वाचवलं, काही नाही, पण त्या तिनातला एक म्हणजे तुमच्या इन्क्विझिटरचं, म्हणजे इन्क्विझिशनमधल्या हिरोचं, प्रेम कोणावर होतं.