हिकरीचा पीळ आणि जॉइस वेदर्डची लय

गोल्फचा चेंडू लांब जायला दंडात ताकद हवी, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. ही समजूत अर्धवट आहे, आणि त्याचा सर्वांत सुंदर पुरावा शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सापडतो. १९२० साली नॉरफोकच्या किनाऱ्यावर शेरिंगम इथे इंग्लिश महिला अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला होती सेसिल लीच. ब्रिटिश विजेती, आणि जोरकस फटक्यांसाठी देशभर नाव असलेली. दुसऱ्या बाजूला अठरा वर्षांची, उंच, सडपातळ जॉइस वेदर्ड. तिचं नाव तेव्हा फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. जिंकली वेदर्ड.

ते अजिंक्यपद तिने १९२४ पर्यंत सलग पाच वर्षं स्वतःकडे ठेवलं. त्या स्पर्धेत ती ओळीने ३३ सामने जिंकली. त्याहून मोठ्या ब्रिटिश महिला अजिंक्यपदावर तिने चार वेळा नाव कोरलं: १९२२, १९२४, १९२५ आणि १९२९. त्या काळचा श्रेष्ठ अमेरिकी गोल्फपटू बॉबी जोन्स १९३० मध्ये गोल्फची पंढरी मानल्या जाणाऱ्या, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर तिच्यासोबत खेळला. तिने पुरुषांच्या, म्हणजे सर्वांत मागच्या टीवरून (फटका सुरू करायच्या जागेवरून) ७५ फटक्यांत फेरी पूर्ण केली. इतकं चांगलं गोल्फ खेळणारं माणूस, पुरुष असो वा स्त्री, आपण पाहिलेलं नाही, असं जोन्सने नंतर लिहून ठेवलं.

तिच्या खेळाबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तोल आणि लय हे दोन शब्द वापरतो. ते वाचून वाटतं, ही नुसती डोळ्यांना सुखावणारी गोष्ट असावी. पण तेव्हाचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात घेतला की कळतं, लय ही त्या क्लबची यांत्रिक गरज होती.

तेव्हा क्लबचा दांडा हिकरीचा असे. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं अमेरिकी झाड. लाकूड चिवट, धक्का पचवणारं. दांड्यासाठी रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेलाच तुकडा निवडायचा, कारण रेषा मध्येच तिरकी बाहेर पडली की दांडा तिथेच मोडतो. ओलाव्याने लाकूड फुगू नये म्हणून जवसाचं तेल चोळायचं. लांब फटक्याच्या क्लबचं डोकंही लाकडीच. त्याच्या मागच्या बाजूला शिसं ओतलेलं आणि जोडावर मेणाचा दोरा घट्ट गुंडाळलेला. एकाच झाडाचे दोन दांडेही हुबेहूब सारखे नसत. त्यामुळे खेळाडू एकेक क्लब हातात घेऊन, वाकवून, झुलवून निवडत.

हिकरीचा खरा दोष वाकण्यात नाही, पिळात आहे. क्लबच्या डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेवर नसतो, तीन-चार सेंटिमीटर बाजूला असतो. खाली येताना हात दांडा पुढे ओढतात, डोकं जडत्वामुळे मागे रेंगाळतं. ते एका बाजूलाच लटकलेलं असल्याने दांडा कपडा पिळावा तसा पिळला जातो आणि क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूवर आदळणारी बाजू, उघडतं, म्हणजे नेमाच्या रेषेपासून बाहेर वळतं. ढोबळ हिशोब असा: डोकं २०० ग्रॅमचं आणि पाव सेकंदात त्याला शून्यापासून सेकंदाला ३८ मीटर वेग द्यायचा, तर सरासरी ३० न्यूटन बल लागतं. गुरुत्वमध्य ३.५ सेंटिमीटर बाजूला असेल, तर पिळणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, सुमारे एक न्यूटन-मीटर. एवढ्यावर हिकरीचा दांडा कित्येक अंश फिरतो. पोलाद लाकडापेक्षा पिळाला कितीतरी जास्त, साधारण ८० पट विरोध करतं. पोलादी दांडा पातळ आणि पोकळ नळीचा असल्याने त्यातला बराच फायदा जातो, तरी तो हिकरीच्या दहापट ताठ उरतो.

आता एक शाळेतला प्रयोग आठवा. ताणकाट्याच्या हुकाला वजन हळूहळू सोडलं, तर काटा शांतपणे योग्य आकड्यावर येऊन थांबतो. तेच वजन हुकाला लावून एकदम सोडलं, तर काटा जवळजवळ दुप्पट आकड्यापर्यंत जातो, परत येतो आणि हेलकावत राहतो. वजन तेच, स्प्रिंग तीच. फरक फक्त बल कसं लावलं याचा.

हिकरीचा दांडा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, फक्त पिळाची. डोक्याचं जडत्व आणि दांड्याचा ताठपणा यांचा हिशोब मांडला, तर त्याचे हेलकावे सेकंदाला दहा-पंधरा येतात. म्हणजे एक हेलकावा साधारण सेकंदाच्या चौदाव्या हिश्शाचा. खाली येणारा अख्खा स्विंग असतो पाव सेकंदाचा. खेळाडूने वरून सुरुवात करतानाच हिसका दिला, तर चेंडूपाशी पोचेपर्यंत क्लबचं तोंड तीन-चार वेळा उघडझाप करून येतं. भेटीच्या क्षणी ते उघडं आहे की मिटलेलं, हे हिसका नेमका कधी बसला यावर ठरतं. सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूकही पुरेशी आहे. उलट बल हेलकाव्याच्या काळापेक्षा सावकाश वाढत गेलं, तर दांडा पिळतोच, पण दर वेळी तेवढाच. पीळ ठरावीक असेल, तर तो हिशोबात धरून उभं राहता येतं.

चूक किती महाग पडते? तोंड फक्त दोन अंश उघडं राहिलं, तर १८० मीटरवर चेंडू सहा मीटर बाजूला पडतो. वर चेंडूला आडवी फिरकी मिळते, तो हवेत वळतो आणि आणखी दूर जातो. ऐन वेळी हाताने सावरू म्हटलं तर तेही शक्य नसतं. चेंडू आणि क्लब यांची भेट असते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाची. तेवढ्यात सरासरी ५०० किलो वजनाइतकं बल येऊन जातं. धक्क्याची बातमी हातापर्यंत पोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. जे करायचं ते आधीच केलेलं असावं लागतं.

तोलाचं कारणही इथेच आहे. क्लब खाली पोचतो तेव्हा त्याचं डोकं खेळाडूला सुमारे पंचवीस किलोच्या पोत्याइतक्या ओढीने बाहेर खेचतं. पाय पक्के नसतील तर शरीर पुढे ढळतं, त्याला सावरायला हात आखडतात, आणि तोच तो नको असलेला हिसका बसतो. वेदर्ड फटका संपल्यावरही होती तिथेच स्थिर उभी दिसते. तिच्या दांड्यात जास्तीचे हेलकावे शिरायला जागाच राहत नसे.

शेरिंगमचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. निर्णायक पटच्या, म्हणजे चेंडू खड्ड्यात ढकलायच्या हलक्या फटक्याच्या वेळी शेजारच्या रुळांवरून आगगाडी धडधडत गेली. थांबली का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “कुठली गाडी?” यावरून समाधी, मनःशक्ती, अवचेतनाची गुपितं विकणाऱ्यांचं आजही चांगलं चालतं. त्यात गूढ काहीही नाही. डोळ्यांचं काम फार बारीक असलं की मेंदू कानाकडून येणाऱ्या माहितीला कमी वाव देतो. सुईत दोरा ओवणाऱ्या आईला मारलेली हाक ऐकू येत नाही, तेच हे. मंत्रांची किंवा महागड्या शिबिरांची त्याला गरज नाही. लागतो तो हजारो वेळा केलेला सराव.

ताकद विरुद्ध लय हा सामना लीच आणि वेदर्ड यांच्यात पुढेही रंगला, आणि तो एकतर्फी मुळीच नव्हता. या सामन्यांत फटक्यांची बेरीज नव्हे, तर कुणी किती होल (मैदानावरचे खड्डे) जिंकले ते मोजतात. १९२१ मध्ये टर्नबेरीला लीचने तिला ब्रिटिश अंतिम सामन्यात हरवलं. १९२२ मध्ये सँडविचला वेदर्डने ९ आणि ७ ने, म्हणजे सात होल शिल्लक असतानाच नऊ होलच्या आघाडीने सामना संपवला. १९२५ मध्ये ट्रूनला ३६ होलनंतरही बरोबरी राहिली आणि ३७व्या होलवर वेदर्ड जिंकली. त्यानंतर तिने या स्पर्धेतून अंग काढून घेतलं.

ती परतली १९२९ मध्ये, कारण स्पर्धा सेंट अँड्र्यूजला होती. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ग्लेना कॉलेटने सकाळीच पाच होलची आघाडी घेतली. अशा वेळी मन म्हणतं, जोर लाव. हिकरी हातात असताना तोच घातक सल्ला ठरतो. वेदर्डने एकेक होल परत मिळवला आणि दुपारी सतराव्या होलवर, जिथे हिरवळीला लागूनच रस्ता आहे, ३ आणि १ ने सामना जिंकला. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना परवानगी मिळाली.